प्रोफायलर म्हणतो थ्रेड राबतोय, प्रत्यक्षात तो झोपलाय

रातकिडा:
परवा प्रोफायलरने (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) आमच्या जावा सर्व्हरचं सॅम्पलिंग केलं, म्हणजे प्रत्येक थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) कोडच्या कुठल्या मेथडमध्ये आहे ते थोड्या थोड्या वेळाने टिपलं. यादीत सगळ्यात वर 'ईपोल वेट' (नेटवर्कवर काही येण्याची वाट बघणारा कॉल), आणि लिनक्सच्या 'टॉप' कमांडमध्ये बघावं तर सीपीयू जवळजवळ रिकामा. टीममधल्या नव्या मुलाने नेटवर्कचा कोड 'वेगवान' करण्यात दोन दिवस घातले. गोम अशी, की जावाची 'रनेबल' (चालायला तयार) अवस्था म्हणजे थ्रेड चालतोयच असं नाही. नेटिव्ह कॉलमध्ये, म्हणजे जावाबाहेरच्या कोडमध्ये, डेटाची वाट बघत बसलेला थ्रेडही रनेबलच दिसतो; लिनक्स त्यालाच 'एस' म्हणजे झोपलेला म्हणतं. हे प्रोफायलरच्या माहितीपानावर अगदी वर, ठळक लिहायला हवं.

खडूस:
माहितीपान वाचतो कोण? आपण तरी वाचलं होतंत का? टूलनेच अशा वाट बघणाऱ्या मेथडची यादी ठेवावी आणि त्या गाळाव्यात. खड्डा बुजवायचा सोडून शेजारी पाटी कसली लावताय!

रातकिडा:
नव्हतं वाचलं, कबूल. पण याद्या शिळ्या होतात हो. जावा १३ मध्ये सॉकेटचा (नेटवर्क जोडणीचा) जुना कोड नव्याने लिहिला. आधी थ्रेड 'सॉकेटरीड०' मध्ये थांबायचे, आता दुसऱ्याच मेथडमध्ये, उदाहरणार्थ 'पोल' मध्ये, थांबतात. जुनी यादी घेऊन बसलात तर झोपलेले सगळे पुन्हा कामावर हजर. आणि आमच्या स्वतःच्या नेटिव्ह लायब्ररीत अडकलेला थ्रेड तुमच्या यादीत येणार कुठून?

चहाबाज:
मुळात गाळायचं कशाला? विनंतीला वेळ लागतोय आणि थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतोय, तर ती वाट बघणं हाच आजार. तेच लपवलंत तर शोधणार काय? असिंक-प्रोफायलर या जावाच्या प्रोफायलरमध्ये 'सीपीयू' आणि 'वॉल' असे वेगळे मोड आहेत ते याचसाठी. पहिल्यात सीपीयू खाणारेच थ्रेड दिसतात, दुसऱ्यात झोपलेलेही.

खडूस:
बरं, यादी नको. मग जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारूच नका, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारा. प्रत्येक थ्रेडची अवस्था लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमध्ये मिळते. 'आर' (रनिंग) असेल तरच मोजा.

रातकिडा:
'आर' मध्ये सीपीयूसाठी रांगेत उभा असलेलाही येतो. मशीनवर गर्दी असली की तोही राबताना दिसणार.

खडूस:
हे राहिलंच. ठीक, लिहा तुमची पाटी. फक्त 'निष्क्रिय थ्रेड' असला सरकारी शब्द नको, 'वाट बघणारा' म्हणा.