पाऊस झाला की ईएलसीबी पडतो, घरच्या घरी कसं शोधायचं?

साखळीची_सून

नमस्कार, जरा लांबलचक आहे पण वाचा. आमचं घर गोव्यात साखळी गावाजवळ, जुनं कौलारू, चिऱ्याच्या भिंती, मधे राजांगण. वायरिंग दोन टप्प्यांत झालंय, पुढच्या खोल्यांचं जुनं लाकडी पट्टीतलं आणि मागचं न्हाणी-स्वयंपाकघराचं नवीन, पाइपातलं. मेन बोर्डावर एक ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, त्याच्यावर आरसीसीबी ४० अँपिअर ३० मिलीअँपिअर असं छापलंय, आणि त्याच्या पुढे सहा एमसीबी. उन्हाळाभर काहीच त्रास नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून जोराची सर येऊन गेली की ईएलसीबी खाली, वर केला तर कधी राहतो कधी लगेच पडतो, एमसीबी मात्र एकही पडत नाही. चांगलं ऊन पडलं की दुपारपर्यंत आपोआप ठीक.

एक वायरमन बघून गेला, म्हणाला पावसात असं व्हायचंच, ईएलसीबी काढून डायरेक्ट करून देतो. मी नको म्हटलं. सासूबाई न्हाणीतून ओल्या हातानेच बटण दाबतात, मुलगी लहान आहे. नवरा जहाजावर, डिसेंबरशिवाय येत नाही. आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, आता चांगला वायरमन मिळणं कठीण, सगळे लायटिंगच्या कामात. होल्डर, स्विच, पंख्याचा कपॅसिटर हे मी बदलते, मल्टिमीटर घरात आहे. पण हे कुठून धरायचं आणि यातलं मी स्वतः किती करावं?

फोंड्याचा_वायरमन

ताई, नको म्हणालात ते अगदी योग्य केलंत. तो डबा बिघडलेला नाही, तो खरं सांगतोय. फेजमधून जेवढा करंट घरात जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा, मधल्या मधे भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत गेला की तो फरक ओळखून हा पडतो. एमसीबीला हे कळतच नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी. ६ अँपिअरच्या एमसीबीतून ३० मिलीअँपिअर गळती गेली तर त्याला पत्ताही लागणार नाही आणि तेवढी माणसाच्या छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून डायरेक्ट करून देतो म्हणणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका.

आता शोधायचं कसं. पाऊस पडत असतानाच करा, उन्हात काही सापडणार नाही. सहाही एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा. राहिला तर एक एक एमसीबी वर करत जा, प्रत्येकानंतर थोडं थांबा. जो वर केल्यावर पडला त्या लाइनीवरचे सगळे प्लग उपसून परत बघा. गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, विहिरीची मोटर हे नेहमीचे संशयित. आणि एक लक्षात ठेवा, गळती एकाच जागी असेल असं नाही. पाच मिलीअँपिअर इथे, सात तिथे, दहा मोटरीत, सगळी मिळून तो पडायच्या हद्दीत येतो. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, बनवायच्या नियमातच तसं आहे.

पावसाळ्यात टेस्टचं बटणही महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर पडला नाही तर त्या दिवशीच बदलायचा.

मांद्रे_किनारा

आम्ही समुद्राजवळ राहतो त्यामुळे हा आजार आमच्याकडे बारमाही आहे. माझं ऐका, घराच्या आत शोधण्याआधी बाहेर बघा. पडवीतला दिवा, गेटचा दिवा, तुळशीकडचा दिवा, विहिरीचा स्विच. साधा बॅकेलाइटचा होल्डर उघड्यावर लावलेला असतो, वायर वरून आत शिरते, पाणी वायरीवरून ओघळत थेट टर्मिनलवर. उघडून बघाल तर तांब्यावर हिरवा कळंक आणि स्क्रू गंजलेले. दुसरं म्हणजे कौलांखालचे जोड, नुसती काळी टेप गुंडाळलेली. वासा ओला झाला की टेपही ओली. मुंग्या आणि पाली बोर्डात शिरतात ते वेगळंच, आमच्या बोर्डात मुंग्यांनी माती आणून भरली होती आणि ती माती भिजली की लाइट जायची.

आणखी एक, चिरा पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबला तरी भिंत दोन दोन दिवस आतून ओलीच, म्हणून पाऊस थांबल्यावरही पडतो तेव्हा गोंधळून जाऊ नका.

साखळीची_सून

दोघांचेही आभार. काल रात्री पाऊस होता तेव्हा करून बघितलं. आता मी जास्तच गोंधळलेय. सगळे एमसीबी खाली असताना ईएलसीबी राहतो. लाइटांचे दोन्ही वर केले, राहतो. फ्रिजवाला वर केला की फ्रिज सुरू होताच पडला. मग फ्रिजचा प्लग काढला आणि गीझर लावला तर गीझरवर पडला! गीझर बंद करून इस्त्री लावली तर इस्त्रीवरही. तिन्ही वस्तू एकदम बिघडल्या असं कसं होईल? सकाळी ऊन होतं तेव्हा तिन्ही नीट चालल्या.

मडगाव_आयटीआय

वस्तू तिन्ही ठीक आहेत. तुमचा न्यूट्रल कुठेतरी जमिनीला टेकलाय. नीट सांगतो कारण इथे बरेच वायरमनसुद्धा फसतात आणि चांगला फ्रिज दुकानात पाठवतात.

घरातले एमसीबी बहुतेक सिंगल पोल असतात, म्हणजे खाली केला तरी फक्त फेज तुटतो. त्या लाइनीचा न्यूट्रल मात्र न्यूट्रल लिंकवर, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवर, तसाच जोडलेला राहतो. समजा अंगणातल्या दिव्याचा न्यूट्रल ओल्या भिंतीला लागलाय. त्या दिव्याचा एमसीबी खाली आहे, दिवा बंद आहे, तरी तो दोष कायम आहे. आता फ्रिज सुरू झाला, त्याचा करंट परत जाताना न्यूट्रल लिंकवर येतो आणि त्यातला थोडा भाग त्या ओल्या भिंतीतून जमिनीत उतरतो. ईएलसीबीला फरक दिसला, पडला. म्हणून जड लोड कुठलाही लावा, पडणारच. आणि शून्य लोडवर राहतो, तुमच्याकडे झालं तसंच.

यात एक हिशोब कामाचा आहे. फेजची गळती असेल तर २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर जायला साधारण ७,६०० ओहम पुरतात, एवढी बारीक गळती साध्या मल्टिमीटरला नेहमी दिसेलच असं नाही, कारण मीटर आत थोड्याशा व्होल्टवर मोजतो, त्याला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लागतो. पण न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत जेमतेम दोन-चार व्होल्ट असतात, म्हणजे त्याने पाडायचं तर रेझिस्टन्स शंभर ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. तो तुमच्या घरच्या मीटरवर स्वच्छ दिसेल.

तर असं करा, दिवसा, घरात दुसरं मोठं माणूस असताना, कोरडी रबरी चप्पल घालून. आधी चालू प्लगवर मीटर लावून २३० च्या आसपास दाखवतो का ते बघा, म्हणजे मीटर चालतोय हे कळलं. मग ईएलसीबी नव्हे, त्याच्या आधीचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याचं आउटपुट काढा, नाहीतर मागून करंट येतो, हे लोक हमखास विसरतात. मग बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा, शून्य हवं. टेस्टरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. विजेच्या मीटरकडून येणाऱ्या वायरी जिथे मेन स्विचला लागतात तिथे करंट असतोच, तिथे हात नाही.

त्यानंतर लिंकवरून बाहेर जाणारे न्यूट्रल एकेक करून काढा, प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून नंबर द्या, आणि प्रत्येक न्यूट्रल ते अर्थ ओहम मोजा. चांगल्या लाइनीवर मीटर काहीच दाखवणार नाही. एकावर आकडा येईल, तीच तुमची लाइन. कागद चिकटवायला कंटाळू नका, न्यूट्रल चुकीच्या जागी परत लागले तर पुढच्या वेळी शोधणाऱ्याचं डोकं फिरेल.

आणि हे वाचून मेन बोर्ड उघडायची थोडी जरी भीती वाटली तर उघडू नका. एवढं लिहून ठेवा आणि वायरमनला सांगा की न्यूट्रल-अर्थ फॉल्ट आहे, लिंक सोडून मोज. तेवढ्याने त्याचे दोन तास वाचतील.

साखळीची_सून

सापडलं!! शेजारचे काका बोर्डाजवळ उभे होते, मी मोजत गेले. पाच लाइनी कोऱ्या आणि चौथ्या नंबरवर ४० ओहम. ती राजांगणातल्या तुळशीकडच्या दिव्याची आणि पडवीची लाइन निघाली. तुळशीकडचा होल्डर उघडला तर मांद्रेकरांनी सांगितलं तसंच, हिरवं झालेलं टर्मिनल आणि न्यूट्रलच्या वायरचं इन्सुलेशन फुटून तांबं पत्र्याच्या ब्रॅकेटला टेकलेलं. वायर तिथून सोडवली आणि परत मोजलं तर काही दाखवत नाही. सध्या तो दिवा तोडून ठेवलाय, टोकांवर कनेक्टर लावून कोरड्या डब्यात बंद केलीत. रात्री मोठा पाऊस झाला, फ्रिज गीझर दोन्ही चालू, पडला नाही. आता तो दिवा परत मी लावू शकते का? कायद्याने चालतं का ते पण सांगा, काकांना शंका आहे.

मडगाव_आयटीआय

मस्त काम केलंत. काकांना सांगा की १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ व्या नियमात वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायला सांगितलं होतं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलणं त्यातून वगळलं होतं, फक्त त्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये अशी अट होती. २०१० च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांतही ही सूट होती. म्हणजे जुन्या जागी नवा दिवा बसवणं तुम्ही करू शकता. नवी लाइन ओढणं, अर्थिंगचा खड्डा, मीटरजवळचं काहीही, हे परवाना असलेल्याचंच काम. आणि ती पुढच्या खोल्यांची लाकडी पट्टीतली वायरिंग चवथीनंतर मेगरने तपासून घ्याच, एक होल्डर गेला म्हणजे बाकीचे इन्सुलेशन तेवढंच जुनं आहे.

मांद्रे_किनारा

दिवा लावताना आयपी ६५ चं (धूळ-पाणी आत न जाणारं) बंद फिटिंग घ्या, आमच्याकडे तेच टिकतं. पत्र्याचं ब्रॅकेट नको, प्लास्टिकचं. वायर खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून ठिबकतं, आत जात नाही. फिटिंगला अर्थचं टर्मिनल असेल तर हिरवी वायर जोडाच.

फोंड्याचा_वायरमन

चवथीचं एक सांगायचं राहिलं. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) ओली पानं, नारळ, फळं लटकतात आणि त्यातूनच लोक लायटिंगच्या माळा फिरवतात. माळ माटोळीच्या चौकटीला बांधू नका, भिंतीने घ्या, आणि पिन नसलेल्या वायरी प्लगमध्ये काडी खुपसून लावू देऊ नका, पोरं हमखास करतात. सगळ्या माळा त्याच ईएलसीबीच्या पुढच्या लाइनीवर ठेवा. माळ लावल्यावर पडला तर ती माळच बाजूला काढा, ईएलसीबीला हात लावायला कोणालाही देऊ नका, पाहुण्यांनाही.