नववीच्या उन्हाळी सुट्टीत सर्वांना एकच पुस्तक सक्तीचे असावे का?

धागाकर्ता, घोडबंदर रस्ता, ठाणे
मुलीच्या शाळेने नववीत जाणाऱ्या मुलांना सुट्टीसाठी वीस मराठी पुस्तकांची यादी दिली असून, त्यातले कोणतेही एक वाचून जूनमध्ये दोन पानांचा परिचय लिहून आणण्यास सांगितले आहे. माझ्या मते ही यादी रद्द करून सर्वांना एकच पुस्तक द्यावे, आणि ते व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ (१९५५) असावे. कादंबरी छोटेखानी आहे. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला एक तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळाने उठून जाणारी वाडी, एवढाच तिचा पसारा. वर्गाने एकच पुस्तक वाचले तर त्यावर बोलता येते. वीस वेगवेगळ्या पुस्तकांचे परिचय आले तर कोणता स्वतः लिहिला आणि कोणता मोबाइलवरून उतरवला, हे शिक्षकांनी तरी कसे ओळखावे?

पालक, ऐरोली
पूर्णपणे असहमत. सक्ती झाली की पुस्तकाचे पाठ्यपुस्तक होते. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी अनिवार्य झाली हे चांगलेच झाले. परंतु इंग्रजी माध्यमातल्या मुलाला दोन पानांचा धडा जमतो म्हणून माणदेशी बोलीतले संवाद असलेली कादंबरी जमेलच असे नाही. दर परिच्छेदाला आईला हाक मारावी लागली, तर तो तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ठेवील. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आनंदाने वाचणारा नववीतला मुलगाही वाचकच आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, नौपाडा
बोलीची अडचण खरी आहे, पण ती सुरुवातीच्या पंधरा-वीस पानांपुरतीच असते. एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर शाळेत जे रिकामे तास जातात, त्यांत शिक्षकांनी पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत. पुढचे मुले आपले आपण वाचतात. माझा आक्षेप निवडीवर आहे. नववीसाठी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) अधिक योग्य ठरेल, कारण तिचा नायकच नववीत आहे आणि काळ आणीबाणीचा आहे. वर्ग, मित्र, चोरून पाहिलेली मुलगी हे सगळे ओळखीचे असल्याने मुले पुस्तकात शिरतात आणि मग आणीबाणी म्हणजे काय, हे स्वतःहून विचारतात.

पालक, वाशी
ताई, ‘शाळा’ मलाही आवडते, आणि माझ्या मुलाने ती वाचायला माझी हरकत नाही. मात्र त्यातली मुलांची आपापसांतली भाषा आणि प्रेमप्रकरण पाहता, शाळेने ती सक्तीची केली की मुख्याध्यापकांकडे तक्रारी जाणार आणि पुढच्या वर्षी यादी आणखी सोवळी होणार.

निवृत्त मराठी शिक्षिका, नौपाडा
ती भाषा मुले स्कूलबसमध्ये रोज ऐकतात. पुस्तकात ती कोण, कोणासमोर आणि कोणाला चोरून बोलतो हे दिसते, आणि वर्गात बोलण्यासारखे नेमके तेच आहे. तक्रारींच्या धाकाने निवड करायची असेल, तर सुविचारसंग्रहच वाटावेत.

वाचनालय कार्यकर्ता, ठाणे पूर्व
एक व्यावहारिक मुद्दा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तरी मे महिन्यात पन्नास मुले एकाच पुस्तकासाठी आली, तर कोणत्याही वाचनालयाची पंचाईत होईल, कारण एका पुस्तकाच्या इतक्या प्रती कोणीच ठेवत नाही. सक्ती म्हणजे प्रत्येक घराला खरेदी, हे आधी मान्य करावे. शिवाय याच महिन्यात क्लासच्या व्हेकेशन बॅच चालू असतात, त्यामुळे वाचनाला उरतो तो रात्रीचा तासभर.

धागाकर्ता
उरणारा वेळ इतका थोडा असेल, तर छोटे पुस्तक निवडण्याचे कारण अधिकच पक्के होते. खरेदी घरांनी करू नये. शाळेने एकदाच पन्नास प्रती घ्याव्यात, जूनमध्ये परत घ्याव्यात आणि पुढच्या तुकडीला द्याव्यात. ‘शाळा’ मुले पुढेमागे आपण होऊन वाचतील. ‘बनगरवाडी’ कोणी हातात दिल्याशिवाय शहरातला मुलगा उघडणार नाही, म्हणून सक्ती तिचीच हवी. लेखी परिचयाची अट मात्र काढून टाकावी. शाळा सुरू झाल्यावर दोन तासिका केवळ चर्चेला द्याव्यात आणि पहिला प्रश्न असा ठेवावा: वाडीने तालीम बांधली, ती वाडीला हवी होती की मास्तराला? याचे तयार उत्तर मोबाइलवर सापडले, तरी शेजारच्या बाकावरून उलटप्रश्न येणारच.