गेममध्ये मेली (जवळून लढणारं कॅरॅक्टर) घेऊन रेडमध्ये (ग्रुपने मिळून बॉसशी लढाई) सारखा मरतोय, काय करू?

कोथरूडकर: फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये समुराई खेळतोय, ८ जणांच्या रेडमध्ये बॉसच्या पायाशी उभं राहिलं की जमिनीवर काय पेटलंय ते दिसतच नाही आणि मरतो, लांब पळालो की डॅमेज शून्य. ग्रुपमधल्या पोरांसमोर फार वाईट वाटतं.

पेठेतला: आधी कॅमेरा पूर्ण मागे घे. आणि बॉसकडे नको, त्याच्या कास्ट बारकडे (हल्ला तयार होताना भरत जाणारी पट्टी) बघ. बार संपला त्या क्षणी तू जिथे असशील त्यावरच ठरतं मार लागणार की नाही, स्फोट नंतर दिसतो, म्हणजे अॅनिमेशन संपायची वाट न बघता लगेच परत घुसायचं. हे कळायला मला कितीतरी महिने लागले रे, पण कळल्यावर भीतीच गेली.

हडपसर_०७: पोझिशनल (ठराविक दिशेने मारले तर जास्त लागणारे वार) पण बघ, गेक्को मागून, काशा बाजूने. जागा मिळत नसेल तर ट्रू नॉर्थ हे स्किल दाब, १० सेकंद कुठूनही चालतं. आणि टँकला (बॉसचा मार अंगावर घेणाऱ्याला) सांग बॉस उगाच फिरवू नको, मेलीचे निम्मे हाल तिथेच होतात.

कोथरूडकर: टँक माझा मावसभाऊच आहे, वारज्याला असतो, आत्ताच फोन लावतो. कास्ट बारचं खरंच माहीत नव्हतं, थँक्यू दादा. रात्री १० ला बसतोय परत.