तस्कनीचा सागरी व्यापार फसला असे म्हणावे का?

दर्यावर्दी

इटलीतील छोट्या राज्यांच्या सागरी व्यापाराचा विषय निघाला की १६०८ सालच्या मोहिमेकडे बोट दाखवून तो मिटवला जातो. तस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांदो मेदिची याने रॉबर्ट थॉर्नटन या इंग्रज कप्तानाला अ‍ॅमेझॉन आणि गियानाच्या किनाऱ्याची पाहणी करण्यास पाठवले. १६०९ मध्ये जहाज परतले तोवर ड्यूक वारला होता आणि वारस दुसरा कोसिमो याला त्या बेतात रस नव्हता. माझ्या मते वसाहत हुकल्याने तस्कनीचे फारसे बिघडले नाही. याच ड्यूकने १५९१ आणि १५९३ च्या सनदांनी लिव्होर्नो बंदर परदेशी व्यापाऱ्यांना, विशेषतः स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंना, खुले केले होते. परमुलखातल्या जुन्या कर्जांच्या तगाद्यापासून अभय, इन्क्विझिशनपासून (कॅथलिक चर्चच्या धर्मद्रोहविरोधी न्यायासनापासून) संरक्षण आणि सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, मुभा एवढ्या भांडवलावर एक दलदलीकाठचे गाव भूमध्य समुद्रातील अग्रगण्य बंदर झाले. जे जहाजे पाठवून साधले नाही, ते बंदर खुले करून साधले.

वखारवाला

आपण बंदराच्या भरभराटीला राज्याचा व्यापार समजत आहात. लिव्होर्नोत माल उतरवणारी मोठी जहाजे इंग्रजांची आणि डचांची होती. तस्कनीच्या पदरात जागेचे भाडे आणि हाताळणीचे शुल्क पडले. हा व्यापार नव्हे, धर्मशाळा चालवणे झाले. स्वतःची जहाजे घेऊन पूर्वेकडे जाऊ पाहणाऱ्यांचे काय झाले ते जेनोआला विचारा: १६४७ मध्ये तिथे ईस्ट इंडिया कंपनी निघाली, जहाजे आणि खलाशीसुद्धा डचांकडून मिळवले, आणि १६४९ मध्ये डच कंपनीनेच ती जहाजे पूर्वेच्या समुद्रात जप्त केली. तस्कनीची राजधानी फ्लॉरेन्स इथला व्यापारी फ्रांचेस्को कार्लेत्ती पश्चिमेच्या वाटेने निघून मकाव, गोवा करत परतत होता, तेव्हा १६०२ मध्ये सेंट हेलेनाजवळ झीलंड या डच प्रांताच्या जहाजांनी त्याचा माल लुटला. पुढे त्याने हॉलंडमध्ये वर्षानुवर्षे दावा चालवला, फर्डिनांदोने त्याची बाजू घेतली, तरी हाती आली ती किरकोळ भरपाई. तोफा नसलेल्या राज्याच्या पत्राला एवढीच किंमत होती.

शिवाय ज्या बंदराच्या सहिष्णुतेचे आपण गोडवे गाता, तिथेच फर्डिनांदोच्या पुतळ्याच्या पायाशी साखळदंडात जखडलेले चार कांस्य कैदी आहेत. सेंट स्टीफन या तस्कनीच्या लष्करी धर्मसंघाच्या सरदारांनी समुद्रात पकडून आणलेले मुसलमान याच बंदरात गुलाम म्हणून राबत. सनदेतील अभय कोणासाठी होते, तेही पाहावे.

पोवळे-हिरे

गुलामांचा मुद्दा निर्विवाद आहे, परंतु "धर्मशाळा" हा शब्द मला मान्य नाही, कारण त्यात राहणारे काय करीत होते हे त्यामुळे दिसेनासे होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिव्होर्नोतील अर्गास आणि सिल्व्हेरा ही ज्यू पेढी भूमध्य समुद्रातील पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत असे आणि त्या बदल्यात हिरे मागवीत असे. गोव्यातील त्यांचे अडते सारस्वत, कामत घराण्यातले. दोन्हीकडे धर्म वेगळा, सोयरीक अशक्य, दोघांवर अधिकार चालेल असे एकही न्यायालय नाही. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांना बांधलेली, म्हणून एका पत्राचे उत्तर यायला वर्ष उलटून जाई. तरीही पोर्तुगीज भाषेतल्या या पत्रांवर पोवळ्याची प्रत ठरे, हिऱ्यांची मागणी नोंदवली जाई आणि उधारी चाले. एकाने दगा दिला तर त्याची वार्ता लिस्बनपासून लिव्होर्नोपर्यंतच्या पेढ्यांत पसरणार, हाच जामीन. यासाठी तस्कनीला गोव्यात किल्ला बांधावा लागला नाही.

वखारवाला

किल्ला लागला, फक्त तो पोर्तुगीजांचा होता. लिस्बनहून निघणारी जहाजे, त्यांना मिळणारे संरक्षण आणि गोव्याची जकात हे सारे दुसऱ्याच्या सत्तेवर उभे होते. ती सत्ता खचली की पत्रांचा जामीन कोणत्या गलबतावर चढवणार होता? तस्कनीच्या दरबाराने स्वतः गोव्याला पाठवलेली सर्वांत ठळक वस्तू म्हणजे बॉम जेझू चर्चमधील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेखालचा संगमरवरी चौथरा. फॉज्जिनी या शिल्पकाराचे ते काम, तिसऱ्या कोसिमोची भेट, १६९८ मध्ये बसवलेले. भक्तीपोटी एवढा दगड समुद्रापार गेला, पण तोही पोर्तुगीजांच्याच वाटेने.

दर्यावर्दी

दुसऱ्याच्या वाटेने माल पाठवणे हा कमीपणा कसा, हे मात्र मला अजून पटलेले नाही. पोर्तुगीजांनी वाट राखण्याचा खर्च सोसला आणि अर्गासांनी फक्त भाडे व जकात भरली. जेनोआने स्वतःची जहाजे काढून भांडवल गमावले. या दोहोंत शहाणा कोण, याचा हिशेब नफ्यावर मांडायचा की निशाणावर, एवढाच आपला मतभेद आहे, आणि मी तो नफ्यावर मांडतो.