धाक, लाड, वळण: पालकसभेच्या कागदासाठी शब्द हवेत

संत्राबर्फी: नमस्कार मंडळी. शनिवारी आठवी-नववीच्या पालकांची सभा आहे आणि त्यांना वाटायचा कागद माझ्या गळ्यात पडलाय. डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: ऑथॉरिटेरियन, ऑथॉरिटेटिव्ह, परमिसिव्ह. १९८३मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी जोडली, मुलांकडे लक्षच नसणाऱ्यांची. माया किती आणि अपेक्षा किती, एवढाच हिशोब. दोन्ही भरपूर तो ऑथॉरिटेटिव्ह, नुसत्या अपेक्षा तो ऑथॉरिटेरियन, नुसती माया तो परमिसिव्ह. मागच्या वर्षी आम्ही 'अधिकारवादी' आणि 'अधिकारयुक्त' असं छापलं. शेवटच्या बाकावरून एक बाबा म्हणाले, "म्याडम, दोघाच्याई हातात अधिकारच हाय, मंग चांगला कोनता?" सभा हसली, मीही हसले. उत्तर मात्र सुचलं नाही.

महालवाला: पहिल्याला 'धाक' म्हणायचा मोह होईल, पण थांबा. "घरात कोणाचा धाकच उरला नाही" ही आपल्याकडे तक्रार असते, म्हणजे धाक हवासाही आहे. क्रियापदं बघा. धाक वाटतो, धाक असतो, इथवर ठीक. धाक दाखवतात, घालतात, तिथून बिघडायला लागतं. 'दरारा' कोणी घालत नाही, तो माणसाच्या आधी वऱ्हांड्यातून चालत येतो. 'जरब' मात्र मुळातच हाताची. अरबीत जर्ब म्हणजे आघात; मोगली रुपयावर टाकसाळीच्या नावाआधी हाच शब्द असतो, ठोकून पाडलेलं नाणं म्हणून. तुमच्या पहिल्या चौकटीत 'धाकदपटशा' लिहा, कोणी शंका काढणार नाही.

वऱ्हाडी ठेचा: आणि परमिसिव्हला 'लाड' नका लिहू ताई. लाड ही माया आहे, तिला कायले बदनाम करता? शेफारणं वेगळं, सोकावणं त्याहून वेगळं. शेफारलेलं पोट्टं चारचौघात उलटं बोलते. सोकावलेलं गोड बोलते, पण काल मिळालं ते आजही मिळणारच असं धरून चालते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तो हाच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या लेकराले बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देणं हा लाड. दुसऱ्या दिवशी बैल न घेताच हात पुढं आला अन् आपण पुन्हा दिला, की सोकावलं.

संत्राबर्फी: 'सोकावू देणारे पालक'. घेतलं! मधल्या, म्हणजे चांगल्या प्रकारासाठी माझ्या मनात 'वळण' आहे. रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण, मुलाचं वळण, शब्द एकच. आजोबा पाटीवर माझा हात धरून 'ळ' गिरवून घ्यायचे. त्यांचा अंगठा माझ्या बोटांवर, तंबाखूचा वास, आणि दुसऱ्या गाठीशी पेन्सिल घसरली की हात न सोडता पुन्हा वरून सुरुवात. माया अन् शिस्त त्या एका मुठीत होती.

पाटीपेन्सिल: चित्र सुरेख आहे, शब्दाला माझा विरोध. माझ्या लहानपणी वळण फक्त मला लावलं, भावाला नाही. कसं बसायचं, किती हसायचं, पदर कुठवर. "मुलीच्या जातीला वळण हवं" हे ऐकत मोठ्या झालेल्या आया तुमच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. शिवाय पंधरा वर्षांच्या पोराला "तुला वळण नाही" म्हटलं की ती थेट शिवी होते. हात धरून गिरवायचं वय गेलं ना त्याचं.

महालवाला: पटलं. सुभाषितकारानेही वयानुसार पायऱ्या केल्यात: पाच वर्षं लालन, दहा वर्षं ताडन, सोळावं लागलं की मित्र. मधलं ताडन सोडून द्या. शाळेत तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला आणि मानसिक छळालाही बंदीच आहे. पण सोळाव्याचा मुद्दा आजही चोख. 'शिस्त' चालेल का? फारसीतून आलेला शब्द, नेम हा त्याचा जुना अर्थ.

पाटीपेन्सिल: नेम कोणावर, तेही विचारतील.

वऱ्हाडी ठेचा: मग कासरा घ्या. हातात असतो, पण ढिला. बैल आपल्या चालीनं चालते, अन् खड्डा आला की नुसता जाणवेल इतका ओढायचा. सतत ताणून धरला तर बैलाची मान सुजते अन् आपला हात.

पाटीपेन्सिल: काका, नववीतल्या पोरांना बैल म्हणून छापायचं?

वऱ्हाडी ठेचा: पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे तुपाहळदीनं शेकतो. पोरायचे कोण शेकते बे? असो. नका छापू.

संत्राबर्फी: कागद तयार झाला, उद्या दुपारी झेरॉक्सला जातोय. तीन चौकटींत 'धाकदपटशा', 'सोकावू देणं' आणि 'वाऱ्यावर सोडणं'. चौथीत शब्द घातलाच नाही, चौघांच्या तोंडची वाक्यं घातली. मुलगी मैत्रिणीकडे वाढदिवसाला निघाली आहे. पहिला म्हणतो, "नऊच्या आत आली नाहीस तर दार उघडणार नाही." दुसरा, "ये केव्हाही." तिसरा टीव्ही बघतोय. चौथा, "नऊला घरी ये. उशीर होतोय वाटलं तर आधी फोन कर, मी घ्यायला येतो. नऊ का, ते आल्यावर भांडू." 'शेफारणं'ही तळटीपेत टाकू का, की तीन पुरे?