काकाजींचे घर, वावर आणि कर: कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

काकाजी (दर्यापूर तालुका): सर्वांना नमस्कार. खारपाणपट्ट्यातील पाणी आता आम्हा दोघांना सोसत नाही आणि तुमच्या काकूंना दवाखान्यासाठी दर पंधरवड्याला अमरावती गाठणे जड जाते, म्हणून नागपूरला लेकीजवळ लहानसा फ्लॅट घेऊन राहायचे आम्ही ठरवले आहे. गावातील घर आणि तीन एकर वावर मिळून ६२ लाखांना घेणारा माणूस भेटला आहे. सोमवारी इसार आणि २० फेब्रुवारी २०२६ ला रजिस्ट्री, असे त्याचे म्हणणे आहे. कुणाला काही सुचवायचे असल्यास आजच सांगावे.

दादा (पुणे): बाबा, घर आणि वावर दोन्ही खेड्यात आहेत, त्यामुळे आयकराचा प्रश्न येऊ नये, असे माझ्या ओळखीच्या एकाने सांगितले. माई, तू कर सल्लागाराकडे काम करतेस, तर हे बरोबर आहे का ते कळव.

माई (अमरावती): दादा, वावराबाबत ते बरोबर आहे, घराबाबत नाही, आणि आपल्याकडील बहुतेक माणसे नेमकी येथेच फसतात. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्याचा, कर लागत नाही. ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे, तेही कायद्याने ठरवून दिले आहे. जवळच्या नगर परिषदेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक आणि १ लाखापर्यंत असेल, तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. १ लाख ते १० लाखांसाठी हे अंतर ६ किलोमीटर आणि त्यापुढे ८ किलोमीटर आहे, आणि ते रस्त्याने न मोजता सरळ रेषेत मोजतात. त्यामुळे अचलपूरच्या हद्दीपासून चार किलोमीटरवरचे वावर करपात्र ठरू शकते, पण दर्यापूरपासून तेवढ्याच अंतरावरचे ठरत नाही. आपले वावर तर सात किलोमीटर दूर आहे. सातबारा, पीक पेऱ्याच्या नोंदी आणि अंतराचा दाखला मात्र जपून ठेवावा.

गावठाणातील घर ही शेतजमीन नव्हे. ते कितीही लहान खेड्यात असले, तरी त्याच्या नफ्यावर कर आहे. म्हणून काकाजी, ६२ लाखांचे एकच विक्रीपत्र कृपा करून करू नका. घराचे वेगळे, वावराचे वेगळे, आणि प्रत्येकात त्याची खरी किंमत, असेच करावे. रक्कम एकत्र लिहिली गेली, तर त्यातील घराची किती, हे तुम्हाला नंतर सिद्ध करत बसावे लागेल. शिवाय एकत्रित आकडा ५० लाखांच्या वर दिसल्याने घेणारा १ टक्का कर कापून घेण्याचा आग्रह धरील, जो तुमच्या बाबतीत मुळात लागूच होत नाही.

काकाजी: तो घराचे २४ लाख आणि वावराचे ३८ लाख धरतो आहे. घर तर तुझ्या आजोबांनी १९७९ मध्ये बांधले, तेव्हा किती खर्च आला हे आता कोण सांगणार?

माई: ते सांगण्याची गरज नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य हीच मूळ किंमत धरता येते. फक्त ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या शासकीय मूल्यापेक्षा, अधिक असून चालत नाही. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून त्या तारखेचा अहवाल घ्यावा. उदाहरणादाखल ते मूल्य ४ लाख निघाले असे धरू. साधी वजाबाकी केली तर नफा २० लाख आणि १२.५ टक्क्यांनी कर २ लाख ५० हजार. परंतु २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा जुना हिशेबही करता येतो. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ४ लाखांचे १५ लाख ४ हजार होतात, नफा ८ लाख ९६ हजारांवर येतो आणि २० टक्क्यांनी कर १ लाख ७९ हजार २०० होतो. दोहोंपैकी जो कमी तोच भरायचा, त्यावर ४ टक्के उपकर. २०१२ मध्ये तुम्ही स्लॅब टाकला होता, त्याच्या पावत्या मिळाल्या तर तो खर्चही वजा होईल.

घेणारा काही रक्कम ‘वरून’ रोखीने देतो म्हणाला, तर स्पष्ट नकार द्यावा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर बसू शकतो. किंमत कमी दाखवूनही लाभ नाही: घराचे शासकीय मूल्य लिहिलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक निघाले, तर कर शासकीय मूल्यावरच मोजतात.

आत्या (मूर्तिजापूर): माझ्या दादाने, म्हणजे काकाजींनी, घर विकले तर मला आनंदच आहे. मला वाटा नको, पण माझी सही लागेल का?

माई: आत्या, घर अजून आजोबांच्या नावे आहे, त्यामुळे तुम्हीही वारस आहात आणि सही लागेल. विक्रीपूर्वी विनामोबदला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले, तर सगळा नफा काकाजींच्या नावावर येतो. तुम्ही सहविक्रेत्या राहिलात, तर नफा दोघांत विभागला जातो आणि तुम्हाला दुसरे उत्पन्न नसल्याने नव्या कररचनेतील ४ लाखांची मूळ सूट तुमच्या हिश्शाच्या नफ्यातून वजा करता येते. आयकर विवरणपत्र मात्र भरावे लागेल. माझे मत विचाराल, तर वाटा घ्यावा आणि पैसे तुमच्याच खात्यात यावेत. कर वाचतो हे खरेच, पण तो वाटा तुमचाच आहे.

दादा: पण बाबा तर घराऐवजी घरच घेत आहेत. मग कर भरावाच का लागतो?

माई: लागू नये, पण त्यासाठी तारखा पाळाव्या लागतात. १९६१ च्या कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घर खरेदी केले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतवलेला नफा करमुक्त होतो. फ्लॅट विक्रेत्याच्याच नावे असावा, लेकीच्या नावे नको, आणि तो तीन वर्षे विकू नये.

आता आमच्या घरी काय झाले तेही सांगते. बाबांनी परतवाड्याचे घर विकले आणि फ्लॅट पसंत पडेपर्यंत सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकली. दोन वर्षे आहेत, या भरवशावर ते निश्चिंत होते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला नफा ‘भांडवली लाभ खाते योजना १९८८’ मधील खात्यात ठेवावा लागतो, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. विसाव्या महिन्यात फ्लॅट झाला, पुढे नोटीस आली आणि कर व्याजासह भरावा लागला. ती ठेवीची पावती बाबांनी अजून कपाटात ठेवली आहे.

काकाजी, तुमची रजिस्ट्री २० फेब्रुवारीला झाली तर फ्लॅटसाठी फेब्रुवारी २०२८ पर्यंत वेळ आहे, परंतु ३१ जुलै २०२६ पर्यंत फ्लॅट झाला नाही, तर नफ्याची उरलेली रक्कम त्या खात्यात जमा झालीच पाहिजे. बँकांच्या ग्रामीण शाखांत हे खाते उघडत नाही, म्हणून गावातील शाखेवर विसंबू नका. अमरावतीला मी तुमच्यासोबत येईन. फ्लॅट घ्यायचाच नाही असे पुढे ठरले, तर सहा महिन्यांच्या आत करबचत रोख्यांत ५० लाखांपर्यंतचा नफा गुंतवता येतो, मात्र पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याज करपात्र असते. तुमच्या वयात पावणेदोन लाखांसाठी वीस लाख अडकवण्यापेक्षा कर भरलेला मला बरा वाटतो.

काकाजी: सोमवारचा इसार पुढे ढकलतो आणि दोन विक्रीपत्रांचे त्या गृहस्थांना आजच सांगतो. माजघरातील लोखंडी पेटी उघडली आहे. सिमेंट आणि सळाखीच्या पाच पावत्या सापडल्या, पण दोन कार्बनच्या आहेत आणि त्यांचे आकडे अगदी फिके झाले आहेत.

माई: त्या दोन्हींचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून आजच येथे टाका, आणि मूळ कागदांना प्लास्टिक चढवू नका.