परदेशात झणझणीत मोहरी मिळत नाही. घरी कशी करावी?

प्रश्न
मी दोन वर्षांपासून परदेशात राहतो आहे. येथील दुकानांत फेसलेल्या मोहरीच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. परंतु आजवर आणलेल्या चारही बाटल्या आंबटगोड निघाल्या आणि नाकात चढून डोळ्यांत पाणी आणणारा झणका एकीलाही नव्हता. अखेरीस काळपट तपकिरी मोहरी आणून ती किंचित भाजली, मिक्सरमधून बारीक केली आणि लवकर मुरावी म्हणून उकळते पाणी घालून फेसली. ती नुसती कडू झाली. माझे नेमके कोठे चुकले, आणि विकतच आणायची झाल्यास बाटलीवर काय पाहावे?

प्रतिसाद १
भाजणे आणि उकळते पाणी या दोन्हींनी घात केला. मोहरी कच्चीच दळा आणि थंड पाण्यात फेसा.

प्रतिसाद २
वरील उत्तर अगदी योग्य आहे, पण त्यामागचे कारण कळले तर पुढे कधीच फसणार नाही. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार स्वरूपात नसतोच. सिनिग्रिन नावाचे द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) दाण्यात वेगवेगळ्या जागी असतात. दाणा फुटून त्याला पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते आणि त्यातून नाकात चढणारे ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. उष्णतेने हे विकर निकामी होते, म्हणून तुमच्या लगद्यात तिखटपणा जन्मालाच आला नाही.

दळतानाही मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा, कारण भांडे तापले तर तेच नुकसान थोड्या प्रमाणात होते. दोन चमचे पुडीला साधारण दीड चमचा गार पाणी घालून चांगले फेसावे आणि झाकून दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. या वेळात झाकण उचलून वास घेतला तर झणका वाढत गेलेला स्पष्ट कळतो. तो हवा तेवढा चढल्यावरच मीठ आणि व्हिनेगर घालावे. आम्लाने विकराचे काम मंदावते, त्यामुळे व्हिनेगर आधीच घातले तर मोहरी सौम्य होते. योग्य वेळी घातले तर मात्र आलेला तिखटपणा बराच काळ टिकून राहतो. नुसत्या पाण्यात फेसलेली मोहरी सुरुवातीला सर्वांत जहाल लागते, पण तिचा जोर लवकर ओसरतो. ताज्या मोहरीला थोडा कडवटपणा असतोच, तेव्हा ती टाकून देऊ नका. एक रात्र गेली की तो पुष्कळ कमी होतो.

प्रतिसाद ३
विकत घेताना घटकांची यादी वाचावी. पिवळी किंवा पांढरी मोहरी आणि हळद एवढेच असेल तर ती बाटली सौम्य निघणार, कारण पांढऱ्या मोहरीचा तिखटपणा जिभेवरच राहतो, नाकापर्यंत पोहोचत नाही. डिजॉन पद्धतीची मोहरी तपकिरी दाण्यांची असते आणि इंग्लिश पद्धतीची त्याहूनही तिखट. मात्र बाटली जितकी जुनी तितका झणका कमी, म्हणून मी तरी कोरडी पूड आणून लागेल तेवढीच फेसते. फेसलेली उरली तर ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर ठेवल्यास तिखटपणा फार लवकर उडतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री कच्ची मोहरी दळून गार पाण्यात फेसली आणि बारा मिनिटांनी झाकण काढले, तर चमचा तोंडाजवळ नेण्याआधीच ती नाकात चढली. अर्ध्या भागात व्हिनेगर घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवली आहे. उरलेला अर्धा भाग रात्रीच संपला.